पुण्याच्या प्रदर्शनात एकाच सालच्या रुपयाला तीन टेबलांवर तीन भाव का?

नवीपेठ_सोलापूर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या नाणे प्रदर्शनाला जायचं ठरतंय. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं आणि संध्याकाळच्या हुतात्मानेच परत. घरातल्या डब्यातली नाणी बरोबर न्यायची आहेत, त्यातली काही विकायची आहेत.

डब्यात जॉर्ज पंचमचे १९१८चे रुपये १४ आहेत, १९११चा एक, व्हिक्टोरियाचे १८६२चे तीन. निजामाचे चारमिनारवाले रुपये सहा. त्यातल्या दोघांना वर कडी लावलेली आहे, दागिन्यातले असावेत. तांब्याच्या शिवराया ४० एक. १९६९चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं. वैष्णोदेवीचे पाच रुपये. १८१८ साल आणि रामदरबार असलेलं तांब्याचं एक जाड नाणं. आणि फारसी अक्षरांचा एक जुना रुपया, त्यावर ‘शोलापूर’ लिहिलंय असं एकाने वाचून सांगितलं.

गोंधळ भावाचा आहे. १९१८चा रुपया एका यादीत चांदीच्या भावाच्या जरासा वर, दुसऱ्या यादीत तिप्पट आणि एका लिलावाच्या निकालात त्याच्याही कितीतरी वर दिसतो. साल तेच, राजा तोच, चांदीही तीच. मग भाव नेमका ठरतो कशावर? आणि जाण्याआधी घरच्या घरी काय तपासून न्यावं?

---

टांकसाळ_खूण

दादा, जुनं म्हणजे महाग हे आधी डोक्यातून काढा. सातवाहनांची शिशाची झिजलेली नाणी जवळपास दोन हजार वर्षांची असतात, तरी थोडक्या पैशांत मिळतात. उलट १९३९चा जॉर्ज सहाव्याचा चांदीचा रुपया शंभरीलाही आलेला नाही आणि त्या मालिकेतलं सगळ्यात अवघड नाणं तोच आहे. वय हा भावाचा सगळ्यात कच्चा आधार.

पहिला हिशोब धातूचा. राणीच्या आणि राजाच्या छापाचा पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. त्या दिवसाचा ग्रॅमचा दर गुणिले १०.६९ हा तुमचा तळ. १९४० ते ४५ या काळातल्या रुपयात चांदी निम्मीच आहे, तिथे ५.८३ ग्रॅम धरा. १९४७चा वाघाचा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाही. गांधीजींचं १९६९चं नाणं १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅम आणि ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. हे आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. ज्याला तळ माहीत नाही त्याच्याशी टेबलावर घासाघीस कशी होते हे सांगायला नको.

दुसरा हिशोब किती पाडली आणि किती उरली याचा. १९१८ साली मुंबई आणि कलकत्ता मिळून चाळीस कोटींच्या आसपास रुपये पाडले गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इकडे पाठवली. त्यामुळे १९१८चा रुपया आजही घरोघरी सापडतो. त्याच राजाचा १९२२चा रुपया फक्त मुंबईत पडला, तोही वीस लाखांच्या आसपास, आणि त्यानंतर जॉर्ज पंचमच्या नावाने चलनासाठी रुपया पडलाच नाही. सालवार संच पूर्ण करणारा प्रत्येक जण शेवटी १९२२पाशी येऊन अडतो. भाव चढतो तो या अडण्यामुळे. नुसतं दुर्मिळ असून भागत नाही, ते हवं असणारी माणसंही लागतात. काही संस्थानांची नाणी खरोखर कमी आहेत, पण जमवणारे त्याहून कमी. ती तशीच पडून राहतात.

तुमच्या १९११कडे मात्र लक्ष द्या. त्या वर्षीच्या छापात राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा दिसायचा की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२पासून हत्ती नीट घडवला. म्हणून १९११चा रुपया स्वतंत्र प्रकार म्हणून विकला जातो, तुमच्या १४ रुपयांच्या ढिगात तो मिसळू नका. दुसऱ्या नाण्याचं साल बदलून केलेले १९११ही बाजारात येतात. भिंगाखाली साल बघण्याआधी हत्ती बघा. खऱ्या १९११ला जुनाच हत्ती हवा.

तिसरा हिशोब पृष्ठभागाचा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. एकाच सालच्या रुपयांत तिप्पट-दहापट फरक पडतो तो बहुतेक वेळा यानेच.

चलनात न फिरलेल्या नाण्याच्या मोकळ्या जागेवर धातू ठशातून बाहेरच्या बाजूला सरकल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं केलं की उजेडाचा पट्टा चक्रासारखा फिरतो. बाजारात याला लस्टर म्हणतात. ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही. पिवळा, एकच, टोकदार उजेड हवा. या रेषा एकदा घासून गेल्या की परत येत नाहीत. नाणं नंतर कितीही चमकवलं तरी उजेड फिरत नाही, नुसता आरशासारखा परततो. दहा पट भिंगात सगळीकडे एकाच दिशेच्या केसाएवढ्या रेघा दिसल्या तर ते घासलेलं आहे, आणि कुठलाही जाणता खरेदीदार त्याला चांगल्या प्रतीत धरणार नाही.

मग झीज. जॉर्ज पंचममध्ये आधी जातात ते उंच भाग, म्हणजे मुकुटातले मोती, कानाची कड, मिशी आणि झग्यावरचा हत्ती. मोती सुटे मोजता येत असतील तर नाणं वरच्या प्रतीचं, एकमेकांत मिसळले असतील तर मधल्या. व्हिक्टोरियात केसांच्या बटा आणि पोशाखावरची नक्षी बघा.

टांकसाळही बघा. जॉर्ज पंचमच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली उठावाचा बारीक ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. १९१८मध्ये यामुळे फार फरक पडत नाही, पण १८६२मध्ये ठिपक्यांना महत्त्व आहे. ते साल पुढे १८७४पर्यंत तसंच छापत राहिले, आणि नेमकं वर्ष ओळखता यावं म्हणून मागच्या बाजूला ठिपके दिले. ठिपके किती, सालाच्या वर की खाली, हे मोजून नोंद करा. तुमचे तिन्ही १८६२ तीन वेगळे निघू शकतात.

आता तुमचे तीन भाव. पहिला झिजलेल्या किंवा घासलेल्या नाण्याचा, तो तळाला चिकटून राहणार. दुसरा फिरणारा उजेड असलेल्या, हात न लावलेल्या नाण्याचा. तिसरा एनजीसी किंवा पीसीजीएस या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांच्या बंद पेटीत ६४-६५ असा अंक मिळालेल्या नाण्याचा. हा अंक ७०पैकी असतो आणि ६० पासून पुढे चलनात न फिरलेली नाणी येतात. १९१८ चाळीस कोटी पडली खरी, पण जवळपास सगळी खिशाखिशांतून फिरली. डाग-ओरखडा न पडलेली फारच थोडी राहिली. लिलावातला तो मोठा आकडा अशा नाण्याचा असतो, डब्यातल्या नाण्याचा नव्हे.

---

काटा_आणि_भिंग

वर सगळं नीट आलंय. मी घरी करायच्या तपासणीचं लिहितो.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या. फक्त ०.१ दाखवणारा उपयोगाचा नाही. आधी कोरडं वजन. बऱ्यापैकी झिजलेला रुपया ११.४ ते ११.६ भरतो. कडेचे दाते ठसठशीत आहेत आणि वजन मात्र ११.२, असं असेल तर काळजी करा. झिजलं असतं तर दातेही गेले असते.

मग पाण्यातली परीक्षा, हिला नाणं खरवडावं लागत नाही. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा, काटा शून्यावर आणा. बारीक शिवणदोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. तळाला किंवा काचेला लागू द्यायचं नाही. काटा जे दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन भागिले हा आकडा. ९१.७ टक्के चांदीला उत्तर १०.३च्या आसपास यायला हवं. म्हणजे ११.६६च्या रुपयाला काटा १.१३ दाखवेल. १.३१ दाखवला तर हाती तांबं-निकेलचं नाणं आहे. निम्म्या चांदीच्या १९४०-४५च्या रुपयाला १.२२ येतो, तेव्हा ते खोटं समजू नका.

ही परीक्षा चुकते ती बहुतेक बुडबुड्यांमुळे. नाण्याला चिकटलेली हवा आकडा वाढवते आणि खरं नाणं हलकं ठरतं. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं आत दोनदा हलवा. नंतर टिपकागदाने टिपा, पुसू नका. कडी लावलेल्या नाण्यावर ही परीक्षा करू नका, डाखाचा धातू उत्तर बिघडवतो.

चुंबकाला चांदी लागत नाही, हे खरं. पण तांबं-निकेलही लागत नाही, पितळही नाही. म्हणून चुंबकाने फक्त लोखंडी नक्कल पकडली जाते. उलट १९४७चा खरा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, तो बघून घाबरू नका. फरशीवर नाणं वाजवून बघायची सवय असेल तर सोडा. कडेला एक खाच पडली की प्रत एक पायरी खाली गेलीच.

वजन आणि पाणी दोन्हीत पास झालं म्हणजे नाणं खरं ठरलं, असंही नाही. महाग सालांच्या नकला खऱ्या चांदीत पाडतात. १९३९चा रुपया कोणी दाखवला तर शेवटचा ९ भिंगाखाली आधी तपासा. स्वस्त सालाचा अंक कोरून बदलला असेल तर त्या अंकाभोवतीची जमीन खरवडलेली आणि रंगाने वेगळी दिसते, अंकाची उंचीही शेजारच्या ३पेक्षा वेगळी असते. ओतीव नक्कल ओळखणं त्या मानाने सोपं. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, जमिनीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेवर घासून लपवलेला जोड.

रामदरबारवाल्या १८१८च्या नाण्याचं सरळ सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. कंपनीचा तांब्याचा अर्धा आणा १८३५चा आहे. त्यावर कंपनीचं चिन्ह आणि पानांची माळ असते, देव नसतात. १६१६, १७१७, १८१८ अशी सालं घालून राम-हनुमानाचे छाप पाडलेले बिल्ले नंतरच्या काळात विकण्यासाठी बनवलेले आहेत. देव्हाऱ्यात ठेवा, प्रदर्शनात नेऊ नका.

---

होटगी_रोड

वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचं मी सांगतो, कारण त्यावरून सोलापुरात लई जणांचे पैसे गेलेत. २०१२चं ते नाणं चलनासाठीच पाडलेलं आहे. भरपूर आहे. न फिरलेलं असेल तर दर्शनी किमतीच्या थोडे वर मिळतात, बस. ‘हे नाणं द्या, लाखो घ्या’ असे व्हिडिओ फिरालेत, त्यात पुढे नोंदणी फी, मग कर, मग कमिशन असं तुमच्याकडूनच पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट कळवलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून फी घेत नाही. आधी पैसे मागणारा नाण्याचा गिऱ्हाईक नसतो, एवढं लक्षात ठेवा की.

तांदूळ ओढणारं नाणं हाही तसलाच प्रकार. तांब्याचं नाणं तांदूळ ओढत नाही. कोणी ते दाखवत असेल तर तिथून उठा.

---

नवीपेठ_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता दोन शंका. शिवराया काळ्या-हिरव्या झाल्यात, त्या चिंचेने स्वच्छ करून न्याव्यात का? आणि चारमिनारच्या दोन रुपयांची कडी सराफ कट्ट्यावर काढून घेतली तर भाव सुधारेल का?

---

शिवराई_पंढरपूर

चिंच नको, लिंबू नको, रिठा नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. कळकळीने सांगतो, चिंचेने एका दुपारी जेवढ्या शिवराया बाद होतात तेवढ्या दोनशे वर्षं जमिनीत राहून होत नाहीत. आम्ल तांब्यावरचा जुना थर खातं आणि खालचा गुलाबी, भोकाभोकांचा धातू उघडा पडतो. ते नाणं परत कधीच मूळ रंगाचं होत नाही आणि जाणकार ते एका नजरेत बाजूला सारतो.

हिरव्याचे दोन प्रकार ओळखा. कठीण, गुळगुळीत, नखाने न निघणारा गडद हिरवा किंवा तपकिरी थर हा नाण्याचं संरक्षण करतो. कित्येकदा तोच भाव चढवतो. फिकट हिरवी, पिठासारखी, टोकरली की गळणारी भुकटी हा रोग आहे. क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जातो आणि तो पसरत राहतो. अशी नाणी वेगळ्या डबीत काढा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवड्यामागून आठवडे. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. बाकीच्यांची माती डिस्टिल्ड पाण्यात भिजवून लाकडी दातकोरणीने हलकेच काढा. सोडायची वेळ कधी, तर अक्षर वाचता आलं की.

शिवराईची किंमत अक्षरांवर आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून बहुतेक नाण्यांवर अर्धी अक्षरं बाहेर गेलेली असतात. दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं आणि वर्तुळाचा थोडा भाग आत बसलेली शिवराई ढिगात क्वचित निघते. ४०मधून अशा दोन-तीन निघाल्या तर त्यांचे तेवढे वेगळे पैसे मागा, बाकीच्या एकगठ्ठा द्या. ‘छत्र’ आणि ‘पति’च्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पेशवाईतली. ती खूप आहे. जड, ११ ते १३ ग्रॅमच्या आणि सुबक अक्षरांच्या शिवराया वेगळ्या काढा. शिव, सीव अशी लिहिण्यातली तफावतही जमवणारे शोधत असतात, म्हणून प्रत्येकीवर जे दिसतं ते जसंच्या तसं लिहून ठेवा.

सोन्याचा शिवराई होन कोणी स्वस्तात देऊ केला तर तो खोटाच धरून चाला. खरा साधारण २.८ ग्रॅमचा, आणि अतिशय दुर्मिळ.

आता कडी. आपल्याकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या दागिन्यांत रुपये सर्रास वापरले गेले, म्हणून सोलापूर भागातल्या चांदीच्या नाण्यांत कडीवाली नेहमीपेक्षा जास्त दिसतात. डाख देताना नाणं तापलेलं असतं, कडेचे दाते त्या जागी वितळलेले असतात. कडी कापून घासली की तिथे सपाट, पांढुरका डाग राहतो आणि खरेदीदार आधी तीच बारा वाजताची जागा बघतो. काढून फायदा नाही, उलट ‘दुरुस्त केलेलं’ म्हणून आणखी खाली जातं. ती दोन नाणी वजनावर विका, नाहीतर दागिना म्हणून तशीच ठेवा. अखंड जुना हार असेल तर तो मोडूच नका, तो दागिना म्हणून जास्त मोलाचा आहे.

ठेवण्याबद्दल एक. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात उन्हाळ्यात काय उष्मा होतो ते आपल्याला माहीत आहे. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतून त्या उष्म्यात चिकट हिरवा थर सुटतो आणि चांदीवर बसतो. तो नुसत्या शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो. नखांचं पॉलिश काढायचं बाटलीतलं वापरू नका, त्यात तेल आणि रंग असतो. खिडकी उघडी, गॅस बंद, आणि घासायचं नाही. रबर बँडही काढा. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा पडतो.

---

टेबलामागून

विकण्याच्या बाजूने लिहितो. टेबलावर लिहिलेला भाव हा विकायचा भाव असतो. त्यात जागेचं भाडं, प्रवास, अडकलेले पैसे आणि नाणं वर्षभर न खपण्याची जोखीम आहे. साध्या नाण्याला खरेदीत त्याच्या निम्म्यापासून पाऊणपर्यंत मिळतं. १९१८सारख्याला तर वजनाचाच हिशोब चालतो. चटकन खपणारं, मागणीचं नाणं असेल तर हे अंतर कमी होतं. म्हणून ‘याची किंमत काय’ असं विचारू नका, ‘तुम्ही कितीला घ्याल’ असं विचारा.

यादी करून आणा. राजा, साल, टांकसाळ, वजन, काय खोट आहे. खोट स्वतःच सांगितली की समोरचा बाकीचं मोकळेपणाने बघतो. नाणं कडेने धरा, टेबलावरच्या कापडावर धरा. किमान तीन टेबलांवर विचारा, आणि तीही विषयाप्रमाणे निवडा. ब्रिटिश इंडिया ठेवणाऱ्याला शिवराईचा भाव सांगता येईलच असं नाही. पहिल्या दिवशी सकाळी व्यापारी एकमेकांकडून माल घेत असतात, तेव्हा चांगल्या नाण्याला भाव बरा मिळतो. शेवटच्या दुपारी उरलेलं बांधायची घाई असते, ती वेळ घेणाऱ्याची. सगळा डबा एका आकड्यात द्यायचा मोह टाळा. चांगली चार नाणी आधी स्वतंत्र ठरवा, मग उरलेल्यांचा एकगठ्ठा.

भाव ताडून बघायचा तर मागितलेले भाव बघू नका, झालेले लिलाव बघा. नाण्याचा फोटो, वजन आणि मिळालेला आकडा तिघं जुळवून बघा. त्या आकड्यावर घेणाऱ्याला लिलावगृहाचं कमिशन आणि कर वेगळा भरावा लागतो, आणि देणाऱ्याच्या हाती त्यातून कापून येतं. पैसे यायलाही वेळ लागतो. बंद पेटीतलं नाणं घेत असाल तर पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी जुळवा. खोट्या पेट्याही आहेत. तुमच्या डब्यातल्या साध्या नाण्यांना पेटीत घालायला पाठवू नका, नाण्यापेक्षा फी जास्त होईल.

शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतं, परदेशात पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक ऑनलाइन भेटला तरी नाही. आणि शेतात नांगरताना सापडलेली नाणी असतील तर ती आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात, १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे.

---

हाली_सिक्का

चारमिनारच्या रुपयांवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपला भाग निजामाच्या हद्दीला लागून, म्हणून ही नाणी इथे मुबलक. मुबलक म्हणून एकसारखी मात्र नव्हेत. चारमिनारच्या मधल्या दारात एक फारसी अक्षर असतं. मीम असेल तर निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर निजाम उस्मान अली खान. उस्मानच्या हिजरी १३३०च्या नाण्यांत ऐन दोन तऱ्हेने येतो, आधी अपुरा आणि नंतर पूर्ण. अपुऱ्या ऐनचं नाणं शोधणारे आहेत. साल फारसी अंकांत आहे. इसवी सन काढायला हिजरी सालातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. १३३०ला १९१२ येतं, म्हणजे १९११-१२.

‘शोलापूर’वाल्या रुपयाची सविस्तर माहिती द्या. वजन, ठोसे किती, खालच्या ओळीत काय दिसतं.

---

नवीपेठ_सोलापूर

वजन ११.४२. पाण्यातला आकडा १.१०. एका बाजूला चार ओळी, खालची ओळ अर्धी कापली आहे. तिच्यात तीन दाते, मग वळणदार अक्षर, मग उभ्या दोन रेघा, पुढे नाणं संपतं. कडेजवळ दोन छोटे ठोसे, मधे एकही नाही. वरच्या ओळीच्या वर एक अंक, ४ आणि काहीतरी.

---

हाली_सिक्का

११.४२ भागिले १.१० म्हणजे १०.३८. चांदी चांगली आहे. मुघल रुपयात ती ब्रिटिश रुपयापेक्षा जास्त शुद्ध असते, म्हणून आकडा थोडा वर येणं बरोबरच.

औरंगजेबाने आपल्या इथे टांकसाळ चालवली, तिचे चांदीचे रुपये आहेत. मागच्या बाजूची वाक्यरचना ठरलेली असते: सनह, मग राज्यवर्षाचा अंक, जुलूस मैमनत मानूस, ज़र्ब आणि गावाचं नाव. गावाचं नाव बहुतेक नाण्यांत खालच्या ओळीत येतं. ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे कापलं जातं ते नेमकं तेच. तुमचे तीन दाते म्हणजे शीन, वळणदार अक्षर वाव, पहिली उभी रेघ लाम आणि दुसरी अलिफ. ‘शोला’ एवढं नाण्यावर आहे, ‘पूर’ बाहेर गेलं आहे. एक गोष्ट तपासा. शीनवर तीन ठिपके दिसतात का, आणि लाम-अलिफच्या दोन रेघा खाली एकत्र मिळतात का. मिळत असतील तर वाचन पक्कं. नुसत्या दोन सुट्या उभ्या रेघा असतील तर दुसरी टांकसाळही असू शकते, आणि मग भाव साध्या मुघल रुपयाचा.

कडेचे दोन ठोसे सराफांनी चांदी पारखताना मारलेले आहेत. मधे, अक्षरांवर असते तर जास्त नुकसान झालं असतं. वरचा ४च्या पुढचा अंक म्हणजे राज्यवर्ष, चाळिशीतलं. दुसऱ्या बाजूला हिजरी सालाचे अंक शोधा, तिथे ११००च्या पुढचं साल सापडलं तर दोन्ही ताडून बघता येतील. औरंगजेबाचं पहिलं राज्यवर्ष हिजरी १०६८-६९चं, त्यात राज्यवर्षातून एक वजा करून मिळवा. ४४ असेल तर १११२च्या आसपास यायला हवं. दोन्ही सालं जुळली आणि लाम-अलिफ स्पष्ट असला तर हे नाणं तुमच्या डब्यातलं सगळ्यात मोलाचं आहे. ते १४ रुपयांच्या पाकिटात घालू नका. स्वतंत्र कडक पारदर्शक डबीत न्या, आणि मुघल नाणी ठेवणाऱ्या दोघांचं वाचन झाल्याशिवाय आकडा बोलू नका. दोन्ही बाजूंचा फोटो एकाच बाजूच्या तिरप्या उजेडात काढून इथे टाका, ठिपके तिथेच दिसतील.